धप, खट आणि मधला स्लॅब

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला आमच्या कोथरूडच्या घरी आणलं. दुखण्यामुळे रात्री झोप लागायची नाही. जरा डोळा लागला की वरून धप, धप, धप. थोडी शांतता. मग खुर्ची सरकल्याची लांबलचक खर्रर्र, आणि मग स्टीलचं काहीतरी टण्णकन पडून घरंगळत गेल्याचा आवाज. पाचव्या रात्री मी जिना चढून वर गेले. दार काकूंनी उघडलं. टीव्ही बंद, नातवंडं झोपलेली, आणि काका अनवाणी पायांनी पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघालेले. "अगं, आम्ही काहीच करत नाही गं," काकू म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी त्यांच्याच हॉलमध्ये उभी होते आणि काकांच्या पावलांचा आवाज मला जेमतेम ऐकू येत होता. खाली आई मात्र पलंगावर पडून तीच पावलं मोजत होती.

हे कसं होतं, याचा शोध मी त्या रात्रीपासून घेत आले. आपल्या शहरांतली निम्मी भांडणं या एका गैरसमजातून होतात असं मला वाटतं. खालच्याला वाटतं, वरचे मुद्दाम करतात. वरच्याला वाटतं, खालचे फार नाजूक आहेत. दोघांच्या मध्ये पाच-सहा इंचांचा एक स्लॅब असतो आणि तो नेमकं काय करतो, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

घरात आवाज दोन वाटांनी येतो. पहिली वाट हवेची. वर कुणी बोललं, रेडिओ लावला, बाळ रडलं, की हवा थरथरते, ती थरथर स्लॅबवर आदळते, स्लॅबला हलवू पाहते आणि स्लॅब हलला तर खालची हवा हलते. इथे वजनदार वस्तू जिंकते. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३६० किलो भरतं. इतकं ओझं माणसाच्या आवाजाने हलत नाही. असा स्लॅब हवेतून येणारा आवाज ५० डेसिबलहून जास्त अडवतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे खाली पोचेपर्यंत त्याचं जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणूनच वरच्यांच्या गप्पा आपल्याला सहसा कळत नाहीत. कळल्याच, तर त्या स्लॅबमधून नाही, उघड्या खिडकीतून किंवा डक्टमधून आलेल्या असतात. भिंतीच्या किंवा छताच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाएवढं भोक असलं, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडथळा २० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. आवाज अडवायला निघालेल्या माणसाने आधी भोकं शोधावीत.

दुसरी वाट ठोक्याची. टाच फरशीवर पडते, खुर्चीचा पाय घासतो, वाटी निसटते. इथे हवेचा काही संबंधच येत नाही. ठोका थेट काँक्रीटला बसतो आणि स्लॅब स्वतःच ढोलकीच्या कातड्यासारखा थरथरतो. काँक्रीटमधून ही थरथर सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. हवेतल्या आवाजाच्या जवळपास दहापट. ती खालच्या छतातून उतरते, स्लॅबला जोडलेल्या भिंतींतून उतरते, कॉलममधून दोन मजले खालीही जाते. वर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी फक्त टाचेचा ओझरता आवाज येतो. खाली मात्र अख्खं छत आणि चारही भिंती तो आवाज वाजवतात. काकूंच्या हॉलमध्ये मला जे ऐकू येत नव्हतं आणि आईला येत होतं, त्याचं कारण हे.

बोलणं इतकं छान अडवणारा स्लॅब ठोक्यापुढे का हरतो? कारण तो ताठ आहे, अखंड आहे आणि त्याच्या पोटात ऊर्जा खाऊन टाकणारं काही नाही. जाडी वाढवून हे फारसं सुटतही नाही. काँक्रीटच्या नुसत्या स्लॅबची जाडी दुप्पट केली तर ठोक्याचा आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो. कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो, पण त्यासाठी सगळ्या इमारतीच्या डोक्यावर दुप्पट वजन चढवावं लागतं. काही मिलिमीटरचा रबराचा किंवा कॉर्कचा थर योग्य जागी बसला तर याहून जास्त काम करतो. ती योग्य जागा कोणती, त्यावरच सगळं आहे.

त्याआधी थोडं मराठीबद्दल, कारण या बाबतीत आपली भाषा आवाजशास्त्राच्या बरीच जवळ जाते. आपण "आवाज आला" एवढ्यावर थांबत नाही. धप आला, खट आला, टण् झालं, खर्रर्र झालं, घरघर चालू आहे, असं म्हणतो. धप आणि खट हे दोन वेगळे रोग आहेत. खट हा कडक वस्तूचा कडक वस्तूवर बसलेला क्षणभराचा ठोका. त्यात उंच स्वर जास्त. धप हा जड आणि मऊ वस्तूचा, उदाहरणार्थ मानवी टाचेचा. त्यातली बहुतेक ताकद १०० हर्ट्झच्या खाली असते, तबल्याच्या डग्ग्यासारखी. खट बंद करणं सोपं आहे. धप बंद करणं फार अवघड आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्हाला धप त्रास देतो की खट?

हा फरक जगाच्या मोजमापातही उशिरा आला, आणि त्याची गोष्ट आपल्याशी जवळची आहे. ठोक्याचा आवाज मोजायला युरोपात एक यंत्र ठरलं. त्यात एका ओळीत पाच हातोड्या असतात, प्रत्येकी अर्धा किलोची. त्या ४० मिलिमीटरवरून आळीपाळीने फरशीवर पडतात, सेकंदाला दहा ठोके. वरच्या खोलीत हे यंत्र चालू करायचं आणि खालच्या खोलीत आवाज मोजायचा. जितका आकडा कमी, तितकी जमीन चांगली. इंग्लंडमध्ये नव्या फ्लॅट्ससाठी हा आकडा ६२ डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही. १५० मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबचा हिशेब केला तर तो ७५ च्या आसपास येतो. आपल्याकडच्या पद्धतीने वर माल आणि फरशी घट्ट बसवली की वाढलेल्या वजनामुळे तो थोडा उतरतो, पण ७० च्या खाली सहजी जात नाही.

पण लोखंडी हातोडीचा ठोका हा मुख्यतः खट आहे, बुटाच्या टाचेचा. नेहमीच्या एका आकड्याच्या गुणांकनात १०० हर्ट्झच्या खालचं काही धरलंच जात नाही. जपान आणि कोरियात लोक घरात अनवाणी चालतात, मुलं जमिनीवर उड्या मारतात, आणि तिथली तक्रार धपची. त्यांनी म्हणून वेगळी चाचणी आणली: साधारण अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून फरशीवर सोडायचा. दक्षिण कोरियात निम्म्याहून अधिक कुटुंबं अपार्टमेंटमध्ये राहतात आणि मजल्यांमधल्या आवाजासाठी त्यांच्या भाषेत एक स्वतंत्र शब्द रूढ आहे, छुंगगान सोउम. शेजाऱ्यांमधली ही भांडणं सोडवायला तिथे २०१२ पासून सरकारी मदत केंद्र चालतं. ऑगस्ट २०२२ पासून तर तिथे इमारत पूर्ण झाल्यावर, ताबा देण्याआधी, काही घरं निवडून प्रत्यक्ष मोजणी होते. हलका आणि जड, दोन्ही प्रकारच्या ठोक्यांना मर्यादा ४९ डेसिबल. कागदावरचं डिझाइन चांगलं होतं, हे पुरत नाही. बांधलेलं घर परीक्षेला बसतं.

आपणही घरात अनवाणी चालणारी माणसं आहोत. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या समाजाच्या घरांना चेंडूची कसोटी लागू पडते, नुसत्या हातोडीची नाही.

आता उपायाकडे. माझी आजी गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. खलबत्ता ती कधीही उघड्या जमिनीवर ठेवायची नाही. जुन्या लुगड्याची चुंबळ करायची, त्यावर खल ठेवायचा आणि मग वेलदोडे कुटायचे. खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर घाव नकोत, एवढंच तिचं म्हणणं. जमिनी लाकडी होत्या, वरच्या घरात कुणी धावलं तरी खाली धूळ पडायची, तिथे तिने ही सवय लावून घेतली होती. या एका चुंबळीत उपायाचं सगळं तत्त्व आहे: वर जड वस्तू, मध्ये मऊ स्प्रिंग, खाली जमीन, आणि जड वस्तूचा जमिनीला कुठेही थेट स्पर्श नाही.

हे तत्त्व हाताने बघता येतं. एका लांब रबरबँडला छोटा दगड बांधा आणि वरचं टोक धरून हात वरखाली करा. अगदी हळू हलवला तर दगड हाताबरोबर वरखाली जातो. रबर जणू नाहीच. झपझप हलवला तर हात थरथरतो आणि दगड जागच्या जागी स्थिर राहतो. या दोहोंच्या मध्ये एक लय अशी येते, की हात थोडासा हलला तरी दगड जोरजोरात उड्या मारू लागतो. जमिनीखाली घातलेला मऊ थर याच तीन तऱ्हांनी वागतो. स्वतःच्या लयीपेक्षा बऱ्याच उंच स्वराचा आवाज तो अडवतो, खालच्या स्वराला तो दिसतही नाही, आणि त्याच्या लयीशी जुळणारा आवाज तो उलट वाढवतो. ही लय खाली आणायची असेल तर दोनच मार्ग: स्प्रिंग आणखी मऊ करा किंवा वरचं वजन वाढवा. म्हणून लाकडी फरशीखालचा दोन-तीन मिलिमीटरचा पातळ फोम खुर्चीचा खट छान घालवतो, पण टाचेचा धप त्याला दाद देत नाही. दुकानदार "साउंडप्रूफ" म्हणून विकतो तो हा फोम. खटसाठी तो प्रामाणिक माल आहे, धपसाठी नाही.

धपला हात घालायचा तर तरंगती जमीन करावी लागते. स्लॅबवर आधी मऊ थर अंथरायचा: टायरच्या रबरी दाण्यांची चटई, कॉर्क, दाट खनिज लोकर किंवा खास बनवलेला फोम. त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर जाळी घालून पन्नास-साठ मिलिमीटरचा काँक्रीटचा किंवा सिमेंट-वाळूचा थर, आणि त्यावर फरशी. खोलीच्या चारही कडांना भिंतीलगत त्याच मऊ पट्टीची उभी किनार लावायची, म्हणजे वरचा थर भिंतीला कुठेही टेकत नाही. दर चौरस मीटरला शंभर किलोचा वरचा थर आणि खालचा पुरेसा मऊ थर मिळून लय ७० हर्ट्झच्या आसपास आणता येते. नीट केलेली अशी जमीन हातोडीच्या चाचणीत २० डेसिबलच्या पुढे फरक देते. धपमध्येही फरक पडतो, तेवढा मोठा नाही, पण झोप लागेल इतका पडू शकतो. मोठी व्हिट्रिफाइड फरशी थेट मऊ फोमवर चिकटवण्याच्या मोहात मात्र कुणी पडू नये. पायाखाली ती दबते, सांधे फुटतात आणि कोपरे तडकतात. मधला कडक थर हवाच.

ऑपरेशननंतर दीड वर्षाने काकूंनी घराची फरशी बदलायला काढली तेव्हा मी त्यांच्याशी बोलले. रबरी चटईचा खर्च आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला. वरची जुनी फरशी आणि तिच्या खालचा माल पूर्ण काढायचा ठरलं होतं, त्यामुळे नव्या थराचं वजन जुन्याच्या जागीच येणार होतं. तरीही इमारत जुनी म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घेतलं. पन्नास मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक. हे विचारल्याशिवाय कुणीही करू नये. जमिनीची पातळी दहा मिलिमीटरने वर आली, दारं खालून तासावी लागली, बाल्कनीचा उंबरा जेमतेम जमला.

काम संपलं त्या संध्याकाळी काका वर चालले आणि मी खाली कान लावून उभी राहिले. बेडरूममध्ये खुर्ची ओढली तर मला अंदाजाने सांगावं लागलं, इतका फरक. हॉलमध्ये मात्र सगळं पहिल्यासारखंच. तीच चटई, तोच मिस्त्री, तोच माल. वर गेले. हॉलच्या एका भिंतीशी वाकून पाहिलं तर स्कर्टिंग थेट फरशीवर टेकवून सिमेंटने पक्कं केलेलं होतं. कडेची मऊ पट्टी वर आलेली दिसते म्हणून ब्लेडने कापून टाकली होती आणि त्या खाचेत ग्राउट भरलं होतं, छान गुळगुळीत, हात फिरवावा असं. मिस्त्रीला विचारलं तर तो मनापासून म्हणाला, "ताई, फरशी आणि स्कर्टिंगमध्ये फट ठेवली तर कामात खोट दिसते. आम्ही फट ठेवत नाही."

त्याची गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. त्याच्या कसबात फट म्हणजे दोष. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासारखे कारागीर फटी बुजवायलाच शिकत आले आहेत. आणि इथे सगळं काम त्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीवर उभं होतं. तरंगत्या जमिनीला भिंतीशी एक जरी कडक सांधा मिळाला, मूठभर माल चटईच्या फाटक्या जोडातून खाली उतरून स्लॅबला चिकटला, तरी ठोक्याला पूल मिळतो आणि बाकी सगळी चटई बघत राहते. मी त्याला रबरबँड आणि दगड दाखवला. त्याने दोनदा करून पाहिलं, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कटर घेऊन आला, हॉलभर भिंतीलगतचं ग्राउट कापून काढलं, स्कर्टिंग तीन मिलिमीटर वर उचललं आणि फट सिलिकॉनने भरली, जे दिसायला पक्कं आणि आतून मऊ राहतं. त्या रात्री हॉलमधली खुर्चीही गप्प झाली.

जे फरशी उखडू शकत नाहीत, त्यांचं काय? आपण बहुतेक सगळे यातच मोडतो. मी म्हणेन, वरून सुरुवात करा. जाड जाजम, त्याखाली रबरी किंवा फेल्टची दुसरी घडी, खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे, आणि घरात मऊ तळव्याच्या सपाता. काँक्रीटवर पसरलेला जाड गालिचा हातोडीच्या चाचणीत २० डेसिबलहून जास्त सुधारणा दाखवतो. खटवर याहून स्वस्त उपाय नाही. आपल्या हवेत आणि आपल्या झाडलोटीच्या सवयीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा कुणी ठेवत नाही, हे मला माहीत आहे. पण जेवणाच्या टेबलाखाली, मुलांच्या खेळण्याच्या जागी आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जाजम टाकायला काय हरकत आहे? रात्री ज्या वाटेने पावलं जातात ती वाट घरोघरी ठरलेली असते.

यंत्रांनाही चुंबळ द्यावी. घरघंटी, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, व्यायामाची ट्रेडमिल, या चौघांखाली जाड रबरी गादी असावी. मिक्सरचं जरा वेगळं आहे. तो हवेत ८५ डेसिबलच्या आसपास ओरडतो, तेवढं स्लॅब अडवतो. पण तो ज्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर असतो तो भिंतीत रुतवलेला असतो, आणि ओट्याची थरथर भिंतीतून खालच्या स्वयंपाकघरात जाते. मिक्सरखाली दुमडलेला नॅपकिन ठेवला तरी कानाला फरक कळतो. आजच करून बघा.

खालचा माणूस स्वतःच्या छतावर काय करू शकतो, हे सगळे आधी विचारतात, आणि मला याचं उत्तर देताना वाईट वाटतं: थोडंच. स्लॅबला पत्र्याच्या चॅनलने घट्ट अडकवलेलं नेहमीचं पीओपीचं छत ठोका जसाच्या तसा घेऊन येतं. त्यात दिव्यांसाठी डझनभर गोल भोकं पाडली की उरलंसुरलंही जातं. रबर किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगलेलं, दुहेरी जिप्सम बोर्डचं, पोकळीत खनिज लोकर भरलेलं आणि कडांना सील केलेलं छत काही डेसिबलचा खरा फरक देतं. पण छत झाकलं तरी भिंती उघड्याच राहतात, आणि ठोका भिंतींतूनही उतरतोच. नव्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे ओततात, ज्याला सगळे मिव्हान म्हणतात. त्यात ही भिंतींची वाट आणखी मोकळी होते. छताला अंड्यांचे ट्रे किंवा स्टुडिओतला काळा फोम चिकटवणाऱ्यांना तर मी कळकळीने थांबवते. तो फोम खोलीतला घुमारा शोषतो. वरून येणारा ठोका त्याच्या अंगावर आल्यासारखासुद्धा होत नाही.

एक गूढ मात्र बऱ्याचदा उलगडतं. रात्री वर कुणी गोट्या टाकतंय असा आवाज येतो आणि वरचं घर कुलूपबंद असतं. अशा वेळी पुष्कळदा पाण्याचे पाइप बोलत असतात. नळ झटकन बंद झाला की धावतं पाणी अचानक थांबतं, त्याचा धक्का पाइपातून भिंतीत जातो आणि टक्, टक्टक् असा विरत जातो. ठोका काँक्रीटमधून सगळीकडे पसरत असल्याने तो डोक्यावरूनच आला असं वाटतं. अशा आवाजाची दिशा सांगणं आपल्या कानाला जमत नाही. पाइपाला रबर लावलेले क्लॅम्प आणि पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंटऐवजी मऊ भरण, एवढ्याने अशा रात्री शांत होतात. बाथरूमच्या संकन स्लॅबमधून जाणाऱ्या पातळ पीव्हीसी पाइपाभोवती जड रबरी चादर गुंडाळायची असेल, तर ती कोबा भरण्याआधी. नंतर हात पोचत नाही.

जुन्या लोकांनी या प्रश्नाला वजनाने उत्तर दिलं होतं. पुण्यातल्या वाड्यांच्या माड्यांवर तुळया, कड्या, फळ्या आणि त्यावर मातीचा थर असायचा, वर सारवण. तीन-चार इंच माती म्हणजे दर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो, आणि सुटे कण एकमेकांवर घासून थरथर खाऊन टाकतात. ग्लासगो आणि एडिंबरामधल्या जुन्या दगडी इमारतींत दोन मजल्यांमध्ये, कड्यांच्या दरम्यान, राख भरलेली सापडते. ती आवाजासाठीच भरलेली. तिथे दुरुस्ती करताना कुणी ती राख कचरा म्हणून उपसून टाकली, की खालच्याला वरचं सगळं ऐकू येऊ लागतं. आपल्याकडेही वाड्याची माडी "हलकी" करताना माती काढून नुसती प्लायची जमीन घालतात. भार कमी होतो हे खरं, आणि कधीकधी ते आवश्यकही असतं. पण त्या मातीबरोबर काय गेलं, ते पहिल्या रात्री कळतं.

कायद्याचं बोलायचं तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या वातावरणासाठी. दोन मजल्यांमधल्या टाचेला ती लागू करता येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत, भाग ८ विभाग ४ मध्ये, ध्वनी आणि आवाज नियंत्रणावर स्वतंत्र प्रकरण आहे. संहिता मार्गदर्शक आहे. स्थानिक बांधकाम नियमावलीने स्वीकारली तरच ती बंधन होते. झोपण्याच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या आसपास शांतता असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलं आहे. आपल्या बिल्डरच्या माहितीपुस्तिकेत फरशीची कंपनी असते, नळाची कंपनी असते, लिफ्टचा वेग असतो. आवाजाचा आकडा मी अजून एकाही पुस्तिकेत पाहिलेला नाही, आणि त्याचं खरं कारण हे, की आपण तो मागत नाही.

मागायची वेळ आत्ता आहे. पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्या आणि चाळी पाडून नव्याने बांधल्या जात आहेत. पाच मजल्यांची माणसं वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीत जाणार आहेत, आणि स्लॅब ओतल्यावर, फरशी बसल्यावर हा मऊ थर ती उखडल्याशिवाय कुणालाही घालता येणार नाही. आमच्या सोसायटीचंही पुनर्विकासाचं चालू आहे. आर्किटेक्टच्या दुसऱ्या बैठकीत काकू आणि मी शेजारी बसलो होतो. काकूंनीच हात वर केला आणि विचारलं, "स्लॅब आणि फरशीच्या मध्ये काय आहे?" नकाशात तिथे काहीच नव्हतं; माल आणि त्यावर टाइल. आता सुधारलेल्या नकाशात त्या दोन रेघांच्या मध्ये एक तुटक रेघ आहे, १० मिलिमीटर लिहिलेली, आणि ती भिंतीशी आल्यावर वर वळते. पहिल्या मजल्याचा एक नमुना फ्लॅट तयार झाला की बाकीच्या फरश्या बसवण्याआधी तिथे हातोडीचं यंत्र आणि चेंडू, दोन्ही लावून मोजायचं, असं कामाच्या अटींत लिहून घेतलं आहे. आमच्या त्या मिस्त्रीला मी कंत्राटदाराच्या इंजिनिअरकडे नेलं होतं. त्याने खिशातून रबरबँड काढला आणि टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा त्याला बांधला.